काचेच्या पेटीतला बिजलीबहाद्दर

कॉमिक्सना ऊन दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पुढे सोसायटीची तातडीची सभा झाली, माझ्या नावानं नोटिसा निघाल्या, वॉचमनच्या पाठीला फवारणीचा पंप लागला. पण सुरुवात ही अशी, साध्या उन्हापासून.

लॉकडाऊन लागला आणि चाकणची आमची कंपनी बंद झाली. तिथे गाड्यांचे सायलेन्सर धरून ठेवणारे ब्रॅकेट बनतात आणि त्यातला वाकडा ब्रॅकेट ओळखून बाजूला काढायचा, हे माझं काम. मी क्वालिटीत आहे. कंपनी बंद म्हणजे ब्रॅकेट बंद, पण डोळ्याची सवय कशी बंद होणार? ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी पोळ्यांचा गोलपणा, पडद्यांची उंची, गवारीच्या तुकड्यांमधला फरक असं दिसेल ते तपासायला लागलो. माझी बायको स्वरूपा हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत आहे. ती बेडरूममधून ऑफिस चालवत होती. एका दुपारी तिनं कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "निरंजन, तुझी ती कॉमिक्सची ट्रंक किती दिवसांत उघडली नाहीस रे?"

बायकोनं आपणहून नवऱ्याला त्याच्या छंदाची आठवण करून द्यावी, असा प्रसंग मध्यमवर्गीय संसारात क्वचित येतो. मी भारावून गेलो. तिला फक्त मी पोळ्यांपासून लांब हवा होतो, हे मला बरंच नंतर कळलं.

ट्रंक दिवाणाखाली होती. तिच्यात माझा 'बिजलीबहाद्दर' होता. आता हे नाव ऐकून कुणी हसेल, म्हणून सांगून ठेवतो. बिजलीबहाद्दर हा वीजमंडळातला साधा लाइनमन. एकदा खांबावर चढलेला असताना त्याच्यावर आकाशातली वीज पडते आणि तेव्हापासून त्याच्या बोटांतून वीज निघायला लागते. दुष्ट प्रोफेसर खंडाळे त्याच्या मागे लागलेला असतो. लहानपणापासून जमवलेले सगळे अंक मी जपून ठेवलेत, आणि शेवटचा अंक माझ्याकडे नाही, कारण तो कुणाकडेच नाही. प्रोफेसर खंडाळे बिजलीबहाद्दरला काचेच्या पेटीत कोंडतो, पेटी धरणात सोडतो, पेटीत पाणी भरायला लागतं. पाण्यात वीज सोडावी तर स्वतःच भाजून निघेल, न सोडावी तर बुडेल. आणि खाली लिहिलेलं, 'बिजलीबहाद्दर सुटणार का? वाचा पुढच्या अंकात!' पुढचा अंक निघण्याआधी प्रकाशनच बंद पडलं. तेव्हापासून तो बिचारा त्या पेटीत आहे, आणि माझ्या आयुष्याचा एक कोपराही.

मी झाकण उघडलं तर आतून एक चंदेरी किडा बाहेर आला. त्यानं मिश्या हलवून माझ्याकडे पाहिलं आणि अजिबात घाई न करता तो 'हिरव्या बोगद्याचे रहस्य' या अंकात परत गेला. कसर लागली होती.

इथे मी पहिली चूक केली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, 'पुस्तकांना कसर लागल्यास काय करावे?'

त्या दिवसांत माणसं सल्ला द्यायला अक्षरशः आसुसलेली होती. शालनबाईंनी कडुनिंबाचा पाला सुचवला. लगेच कुणीतरी डांबरगोळ्या सांगितल्या. त्यावर डांबरगोळ्यांनी दमा होतो का नाही, यावर वाद पेटला. एकानं पुस्तकं फ्रीजरमध्ये ठेवा म्हणून सांगितलं. ते मला पटलंही होतं, पण स्वरूपानं वाटाण्याच्या पिशव्यांपाशी उभं राहून नुसतं माझ्याकडे बघितलं. शेवटी बहुमत उन्हावर आलं. कडक ऊन फक्त गच्चीवर, आणि गच्चीला कुलूप. किल्ली चेअरमन ज्योतीरामकाकांकडे.

ज्योतीरामकाका सरकारी खात्यातून निवृत्त झालेत, पण ते खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "लेखी अर्ज द्या," ते फोनवर म्हणाले. "कारण नमूद करा."

मी कारण लिहिलं : 'वाचनसाहित्याचे निर्जंतुकीकरण'. मला वाटलं, या शब्दांपुढे कुठलीही कमिटी मान तुकवेल. पण अर्ज व्हिडिओ सभेत आला आणि काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "साहित्य म्हणजे नक्की कोणतं?"

"चित्रकथा," मी म्हणालो.

"म्हणजे कॉमिक्स?"

"हो. संग्राह्य."

"तुमच्याकडे लहान मूल आहे का?"

"नाही."

"मग?"

मी माझाच अर्ज पुन्हा वाचायला लागलो. पडद्यावरच्या बारीक बारीक चौकटींमधून सगळी सोसायटी माझ्याकडे पाहत होती. एका चौकटीतून कुणीतरी खुदकन हसलं आणि माइक बंद करायला विसरलं. बेडरूममधून स्वरूपा आली, माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, माझा नवरा ती वाचतो." एवढंच. पण ती ज्या सुरात म्हणाली, त्यानंतर कुणी हसलं नाही.

परवानगी मिळाली. अटी अशा : एकट्यानं जायचं, मास्क लावायचा, आणि गच्चीवर वाचत बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी वाळवणाच्या दोऱ्यांवर अंकामागून अंक टांगले. प्रत्येकाला एक कपड्याचा चिमटा. दोरीवर ओळीनं लाल-पिवळे बिजलीबहाद्दर मुठी आवळून डोलत होते आणि मागे रिकाम्या मोकळ्या हायवेच्या पलीकडे डोंगर इतके स्वच्छ दिसत होते, की कुणीतरी नुकतेच पुसून ठेवलेत असं वाटावं. मला फार सुखाचं वाटलं. दारापाशी सावलीत जाऊन मी पाणी प्यायलो.

तेवढ्यात वावटळ आली. आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम अर्धवट राहिलंय, तिथून धूळ उचलून ती सरळ गच्चीवर चढली. मी ब्रॅकेट तपासणारा माणूस; चिमट्यांच्या स्प्रिंगा मी तपासल्या नव्हत्या. माझ्या डोळ्यांदेखत बिजलीबहाद्दर उडाला. उडण्याची शक्ती त्याच्यात कुठल्याच अंकात नव्हती, पण त्या दिवशी तो उडाला, आणि एकटा नाही.

मी धावत खाली पोहोचेपर्यंत ग्रुपवर संदेश फिरला होता : 'वरून कागद पडत आहेत. कुणीही हात लावू नये!' तेव्हा लोक वर्तमानपत्रसुद्धा उंबऱ्याबाहेर उन्हात ठेवून मग घरात घेत होते. आकाशातून पडलेल्या कागदाचं काय होणार? वॉचमन पाठीला पंप लावून उभा होता. ज्योतीरामकाका लांबून हुकूम देत होते. पार्किंगमध्ये पसरलेल्या माझ्या बालपणावर फवारणी चालू होती. शालनबाईंनी एक अंक पापड भाजायच्या चिमट्यात धरून मला दिला तेव्हा मुखपृष्ठावरच्या बिजलीबहाद्दरचा चेहरा विरघळून त्याच्याच शर्टात उतरला होता.

"वाळला की होईल नीट," त्या हळहळून म्हणाल्या. मनाच्या फार चांगल्या आहेत.

नोटीस संध्याकाळी आली. 'सामायिक जागेत अज्ञात कागद सोडल्याबद्दल खुलासा करावा.' माझं जेवणात लक्ष नव्हतं. बचावलेले अंक मी हॉलमध्ये पसरून लावत होतो. एक सापडत नव्हता, 'हिरव्या बोगद्याचे रहस्य', किड्यासकट.

तेवढ्यात फोन वाजला.

"निरंजनराव का? मी सोपानराव, खालचा. तुमचं इजेचं बुक माज्या गॅलरीत पडलंय."

सोपानराव म्हणजे मूळ ताथवड्याचे शेतकरी. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच ज्वारीच्या रानावर, आणि त्याच्या बदल्यात मिळालेल्या, बरोबर आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये ते आणि अंबुबाई राहतात. त्याच आठवड्यात अंबुबाईंना कोरोना झाला होता. त्यांना दवाखान्यात नेलं, सोपानरावांची तपासणी चांगली आली, पण पालिकेनं दाराला लाल-पांढरी पट्टी लावून त्यांना आत एकट्यांना ठेवलं. मुलगा जयदीप हिंजवडीजवळच्या माण गावात राहतो. तो रोज गेटवर डबा आणून द्यायचा आणि वॉचमन तो दारात ठेवायचा. डबा बहुतेक वेळा तसाच परत जातो, हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं आणि कुणालाच काही करता येत नव्हतं.

"काका, त्याला हात लावू नका हं," मी घाईनं म्हणालो.

"लावला की. वाचलं बी."

"वाचलं?"

"दुसरं काय करू? टीव्ही लावला का निसते मेल्याल्यांचे आकडे. बरं, ते ऱ्हाऊ द्या. त्यो बोगद्यात अडकलाय, म्होरं काय झालं त्येचं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी उत्साहात सगळं सांगायला लागणार, तोच ते म्हणाले, "सांगू नका. बुक द्या."

आता इथे अडचण आली. पट्टी लावलेल्या घरात गेलेली वस्तू, जेवणाचा डबा सोडला तर, पट्टी निघेपर्यंत बाहेर येत नाही, हा नियम. आणि आत काय जाऊ शकतं, तर अत्यावश्यक वस्तू. ज्योतीरामकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "दूध, भाजी, औषध. यात चित्रकथा कुठे बसते ते तुम्हीच सांगा."

खरं सांगायचं तर मलाही तेवढंच निमित्त हवं होतं. उरलेल्या अंकांवरून कुणाचा ओला हात फिरलेला मला सोसवत नाही. मी स्वरूपाला म्हणालो, "नियमात बसत नाही गं." ती उठली, गॅलरीत गेली, कपड्यांची दोरी सोडली आणि तिला भाजीची कापडी पिशवी बांधून माझ्यापुढे ठेवली.

पहिल्या दिवशी मी सर्वांत फाटका अंक खाली सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा जरा बरा. असं करत करत पिशवी रोज खाली जायला लागली. एकदा पार्किंगमधून ज्योतीरामकाकांनी वर पाहिलं. मी दोरी हातात धरून तसाच गोठलो. त्यांनी बोट उगारलं, बराच वेळ उगारून ठेवलं आणि शेवटी ओरडले, "नायलॉनची घ्या हो! सुताची तुटेल!" मग, नियमाला काहीतरी हवं म्हणून, गॅलरीतून वस्तू सोडायला मनाई करणारी नोटीस त्यांनी माझ्या दारावर लावली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

आणि मग एका संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालत होतो तेव्हा खालून आवाज आला.

"हा हा हा! बिजलीबहाद्दर, आता तुजी इज चालायची न्हाई! आसं त्यो खंडाळ्या म्हनला बघ. मंग ह्यो म्हनतोय, खंडाळे, तुजे दिस भरले. आता ह्येनं बोट वर केलं... थांब, पान उलटतो."

मी वाकून पाहिलं. सोपानराव गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर माझा अंक आणि कानाला साधा बटनांचा फोन. ते अंबुबाईंना वाचून दाखवत होते. त्यांना ऑक्सिजन लावलेला, बोलणं होत नव्हतं, पण ऐकू येत होतं. एक नर्स रोज थोडा वेळ त्यांच्या कानाशी फोन धरायची. सोपानराव प्रोफेसर खंडाळेचा आवाज खर्जात काढत, बिजलीबहाद्दरचा आपल्या आवाजात, आणि वीज पडली की 'धडाड' असं इतक्या जोरात म्हणत, की शेजारच्या गॅलरीतली कबुतरं उडत.

मी आत जाऊन स्वरूपाला बोलावलं. ती मीटिंग सोडून आली. आम्ही दोघं गॅलरीत खाली बसून ऐकत राहिलो. तिचा मॅनेजर आतल्या लॅपटॉपमधून 'हॅलो, हॅलो' करत होता.

त्यानंतर मी चांगले अंक निवडून देऊ लागलो. डबा आता रिकामा परत जातो, असं जयदीपनं फोन करून सांगितलं. अंबुबाई थोडंथोडं बोलायला लागल्या होत्या आणि फोनवर प्रश्न विचारत होत्या. सोपानराव ते प्रश्न माझ्याकडे पोहोचवत. "अंबू म्हनती, ह्यो खांबावर चढतो तर जेवतो कवा? आन् दर बुकात समद्यांना ह्योच सोडवतुया, ह्येला सोडवाया कुनी येत न्हाई व्हय?"

आणि शेवटी तो अंक खाली गेला. धरणाचा.

सकाळीच फोन आला. "निरंजनराव, पेटीत पानी भराया लागलंय. काल अंबूला म्हनलंय, उद्या सांगतो. लवकर सोडा पिशवी."

मी फोन धरून उभा राहिलो. खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "शोधतोय काका. ट्रंकेत खाली गेलाय. दोन दिवस द्या."

"दोन दिस? तिला आजच घोर लागलाय, रातभर झोपली न्हाई म्हनं!"

मी स्वरूपाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काढ."

"काय काढू?"

"अंक काढ. चित्रं काढ. इंजिनिअर आहेस ना?"

आम्हा लोकांना चित्र येतं ते तीन बाजूंनी : समोरून, वरून आणि कडेनं. समोरून माझा बिजलीबहाद्दर ठीक झाला. कडेनं तो नळाच्या तोटीसारखा दिसायला लागला. वरून पाहिला तर एक गोल आणि दोन खांदे. काचेची पेटी मात्र अप्रतिम आली. सवयीनं मी तिच्यावर मापंही टाकली. स्वरूपानं कागद हातात घेतला, तोंडावर ओढणी धरली आणि हसत हसत जमिनीवर बसली. माझा स्वाभिमान दुखावला. पण कितीतरी दिवसांनी ती इतकी हसत होती, म्हणून मी जरा वेळ दुखावलेलाच राहिलो.

मग तिनं उरलेले सगळे अंक मागून घेतले आणि ऑफिसला सुट्टी टाकून वाचून काढले; खाली गेलेल्यांच्या गोष्टी माझ्याकडून ऐकल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती पहिल्यांदाच वाचत होती. संध्याकाळी पेन घेऊन समोर बसली.

"सुटणार कसा?" मी विचारलं. मी त्यावर शाळेपासून विचार केलेला. काचेची जाडी, पाण्याचा दाब, विजेचा प्रवाह, सगळं.

"तुझी जाडी ठेव बाजूला," ती म्हणाली. "अंबुबाई काय म्हणाल्या? याला सोडवायला कुणी येत नाही का? येतात. यानं ज्यांना ज्यांना वाचवलंय ते सगळे येतात. बोगद्यातले कामगार, तो पोस्टमन, शेळीवाली म्हातारी. सगळे धरणात दोर टाकतात आणि पेटी ओढून काठावर घेतात."

"पण काच? ती फुटत नाही, असं आधीच्या अंकात स्पष्ट म्हटलंय."

"म्हातारी वरवंटा घालते."

"वरवंट्यानं?"

"खंडाळेनं सगळ्या शस्त्रांचा विचार केलेला असतो. वरवंट्याचा केलेला नसतो."

इतक्या वर्षांच्या माझ्या गणितावर तो वरवंटा बसला आणि मला ते पटलं. आम्ही दोघांनी मिळून अंक पुरा केला. ती संवाद लिहायची, मी चित्रं काढायचो, गर्दीतली माणसं काढून काढून हात भरून आला. एका चौकटीत तिनं घाट उतरणाऱ्या गर्दीत एक जोडपं काढायला लावलं. ते कोण, असं मी विचारलं नाही.

पिशवी खाली गेली. संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसलो. सोपानरावांनी फोन लावला, घसा साफ केला, वाचायला लागले. पाणी गळ्यापर्यंत आलं. काठावर दोर पडले. म्हातारी घाट उतरायला लागली. तिच्या कमरेला काहीतरी बांधलंय, असं ते म्हणाले आणि थांबले.

मी वाकून पाहिलं, त्यांनी अंक मिटला होता. मग ते हळू आवाजात फोनमध्ये म्हणाले, "अंबू, बाकीचं आता न्हाई. बाकीचं तू घरी आल्याव."

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. "चिडू नगं," ते म्हणाले. "म्याबी वाचलं न्हाई अजून. दोघं मिळून वाचू."

स्वरूपानं माझा हात धरला. धरला म्हणजे चांगलाच आवळला.

तो अंक त्यांनी उशीखाली ठेवला होता, असं मागाहून कळलं. दाराची पट्टी निघाली तरी वाचला नाही. मीही विचारलं नाही. मधल्या दिवसांत एकदा अंबुबाईंचा ताप पुन्हा चढला, त्या दिवशी सोपानराव गॅलरीत आलेच नाहीत. साऱ्या बिल्डिंगनं टीव्हीचे आवाज कमी केले होते.

एका सकाळी गेटवर ॲम्ब्युलन्स उभी राहिली. लोक गॅलऱ्यांत आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, शालनबाईंनी वरूनच कडुनिंबाचा डहाळा ओवाळला. अंबुबाई जयदीपच्या हाताला धरून उतरल्या, वाळलेल्या, तोंडाला मास्क. सोपानराव दारापुढे उभे होते. बायकोला जवळ घ्यावं की नाही हे न कळून नुसतेच हात हलवत होते.

"सुटला का त्यो?" अंबुबाईंनी विचारलं.

"आदी हातपाय धू," सोपानराव म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

संध्याकाळी खालून वाचण्याचा आवाज आला. आम्ही दोघं जागचे हललो नाही. कुठल्याही इन्स्पेक्शनला मला इतकी धडकी भरलेली नाही. म्हातारी काठावर आली, तिनं कमरेचा वरवंटा सोडला, हात वर केला, आणि सोपानराव साऱ्या ताथवड्याला ऐकू जाईल असं ओरडले, "धडाड!"

मग अंबुबाईंचा बारीक, दमलेला आवाज वर आला.

"चांगलं झालं माय. पर ही चित्रं कुनी काढली वो? मानसं हायेत का खुट्ट्या?"

स्वरूपा तोंडात ओढणी कोंबून माझ्या खांद्यावर कोसळली. मी ताठ बसून राहिलो.

"आवं, थांबलासा का?" अंबुबाई म्हणत होत्या. "परत वाचा की. म्हातारी घाट उतरती तितनं."